आधी नक्कल, मग अक्कल

पोरी, यापुढे पतसंस्था, दूध सोसायट्या, आडते आणि छापखाने यांची कामं तुझ्याकडे येतील. बहुतेकांची तक्रार एकच असेल: नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना प्रोग्राम चालेना. कुणाचा डॉसवरचा, फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेब असेल, कुणाचं व्हिज्युअल बेसिकमधलं बिलिंग, तर कुणाच्या पेजमेकरमध्ये कित्येक वर्षांच्या स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पानं. नवी मशीन विकणारा त्यांना सांगून मोकळा झालेला असतो, की हे जुनं झालं, टाकून द्या. तू असं कुणाला सांगू नकोस. त्या प्रोग्रामात सभासदांच्या ठेवी आहेत, कर्जाचे हप्ते आहेत, दुधाचे फरक आहेत. प्रोग्राम टाकता येतो, नोंद टाकता येत नाही.

एक गोष्ट मनात पक्की धर. जुना प्रोग्राम सहसा बिघडलेला नसतो. लिहिला तेव्हा जसा होता तसाच तो आजही आहे. बदललंय ते त्याच्या खालचं. प्रोसेसर कसा चालतो, विंडोज कुणाला कुठे लिहू देतं, प्रिंटर कुठल्या वाटेनं जोडलाय, पडद्यावरच्या अक्षरामागे कोणता क्रमांक आहे, हे सगळं बदललं. यातलं नेमकं काय निघून गेलंय ते ओळखायचं आणि तेवढंच परत द्यायचं. जे जागेवर आहे त्याला हात लावायचा नाही. ही कामं करताना मला जे उपयोगी पडलं ते क्रमानं सांगते. हा क्रमही मोडू नकोस.

१. आधी नक्कल, मग अक्कल

उपाय शोधण्याआधी नक्कल काढ. जुनी मशीन अजून चालू होत असेल, तर ती पुन्हापुन्हा चालू-बंद करून बघण्याचा मोह आवर. जुनी हार्डडिस्क कधी बसेल ते सांगता येत नाही. ती बाहेर काढ, यूएसबी अडॅप्टरला लाव आणि सबंध डिस्कची इमेज घे. रुंद पट्टीची जुनी आयडीई डिस्क आणि नंतरची साटा डिस्क या दोन्हींना चालणारा अडॅप्टर मिळतो. तो कायम पिशवीत ठेव. फ्लॉपीवर काही असेल तर तिचीही आधी इमेज. फ्लॉपीवरून थेट काम करायचं नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर दमट हवेनं फ्लॉपीला बुरशी धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीस तर तीही जाते आणि ड्राइव्हचं हेडही खराब होतं.

फक्त डेटा उचलून आणणं पुरेसं नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलीशेजारी त्याच नावाच्या एफपीटी आणि सीडीएक्स फायली असतात, क्लिपरमध्ये डीबीटी आणि एनटीएक्स. इंडेक्स पुन्हा बनवता येतो. पण शेरे, पत्ते, लांबलचक मजकूर ज्या मेमो फायलीत असतो ती राहिली, तर तो मजकूर गेलाच. म्हणून फोल्डर आहे तसा सगळा घे. सेटअपच्या सीडी, सीरियल नंबर, पासवर्ड आणि मशीनमधल्या कॉन्फिग-सिस व ऑटोएक्झेक-बॅट या दोन लहान फायलीही घे. प्रोग्रामाला एकावेळी किती फायली उघडायला लागतात आणि तो कुठला मार्ग धरतो, हे त्या दोन फायलींत लिहिलेलं असतं. पुढे अडलीस की तिथेच उत्तर सापडेल.

नकला दोन कर. एक त्यांच्या कपाटात राहील, एक दुसऱ्या इमारतीत. यापुढचं प्रत्येक काम तिसऱ्या नकलेवर.

२. आधी बिट विचार

प्रोग्राम सोळा बिटांचा आहे की बत्तीस, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. निम्मा वेळ इथेच वाचतो. चौसष्ट बिटांचं विंडोज बत्तीस बिटांचे प्रोग्राम चालवतं, सोळा बिटांचे चालवत नाही. चौसष्ट बिटांच्या अवस्थेत प्रोसेसर डॉससाठी लागणारी व्हर्च्युअल ८०८६ ही सोय देत नाही आणि विंडोजमधला डॉस चालवणारा भागही त्या आवृत्तीत ठेवलेला नाही. विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटांतच येतं.

लोक सांगतील, "अहो, कालपर्यंत विंडोज ७ वर चालत होतं." खरंच चालत असेल, कारण ते विंडोज ७ बत्तीस बिटांचं होतं. विंडोज १० च्याही बत्तीस बिटांच्या आवृत्तीत ती सोय वेगळी चालू करता येत असे. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा ती वाट आता नव्या कामासाठी धरायची नाही.

ओळखायचं कसं? प्रोग्रामाच्या ईएक्सई फायलीची नक्कल नोटपॅडमध्ये उघड. सुरुवातीला रोमन एम आणि झेड ही दोन अक्षरं दिसतील. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरं आहेत आणि डॉसच्या काळापासून प्रत्येक ईएक्सईच्या डोक्यावर आहेत. त्यानंतरच्या चिन्हांच्या गर्दीत थोडं खाली पी आणि ई ही जोडी दिसली, तर प्रोग्राम बत्तीस किंवा चौसष्ट बिटांचा विंडोज प्रोग्राम आहे. एन आणि ई दिसली, तर विंडोज ३.१ च्या काळातला सोळा बिटांचा. दोन्ही नसतील, तर बहुधा डॉसचा. बघून झालं की सेव्ह न करता बंद कर.

३. सोळा बिटांना वेगळी खोली दे

डॉसचा प्रोग्राम असेल तर विंडोजशी झगडू नकोस. नव्या घरात जुन्या माणसाला त्याच्या सवयीची एक खोली द्यावी, तसं त्याला आत डॉसच दे. त्यासाठी फुकट साधनं आहेत. डॉसबॉक्स २००२ पासून आहे, पण ते खेळांसाठी बनवलेलं आहे. हिशेबाच्या कामासाठी त्यावर विसंबू नका, असं ते बनवणारेच सांगतात. अक्षरी पडद्याच्या धंद्याच्या प्रोग्रामांसाठी व्हीडॉस हे साधन मला जास्त योग्य वाटतं. छपाई आणि बारीकसारीक सेटिंग जास्त लागत असतील, तर डॉसबॉक्स-एक्स बघ. विंडोज ३.१ च्या सोळा बिटी प्रोग्रामांसाठी वाइनच्या आधारानं बनलेलं वाइनव्हीडीएम आहे.

फोल्डर थेट सी ड्राइव्हवर कर. त्याचं नाव रोमन अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत ठेव, मधे मोकळी जागा नको. डॉसला त्यापुढचं नाव कळत नाही. वनड्राइव्हसारख्या आपोआप वर चढवणाऱ्या फोल्डरमध्ये तर चालू डेटा कधीच ठेवू नकोस. प्रोग्राम फाइल लिहीत असताना तीच फाइल दुसरं कुणी उचलू लागलं की नोंदींचा गोंधळ होतो.

काही प्रोग्राम उघडताक्षणी शून्यानं भागल्याची चूक दाखवून बंद पडतात. फॉक्सप्रो २.६, क्लिपर आणि बोरलँड पास्कल या तिघांतही हे दिसतं. डेटाला काही झालेलं नसतं. मशीन किती वेगवान आहे हे मोजण्यासाठी तो प्रोग्राम सुरुवातीला एक फेरी चालवतो. आजच्या प्रोसेसरवर ती इतक्या लवकर संपते, की मोजमापच कोलमडतं. डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी कर, प्रोग्राम उभा राहील. त्या त्या भाषेसाठी दुरुस्तीच्या लहान फायलीही निघालेल्या आहेत.

आणि एक तपासणी चुकवू नकोस. संस्थेत दोन टेबलांवरून एकाच वेळी नोंदी होत असतील, तर दोन्ही मशीनवर एकाच सभासदाचं खातं एकदम उघडून बघ. पूर्वी दुसऱ्याला थांबवणारा संदेश येत असेल, तर तो आताही आलाच पाहिजे. आला नाही, तर ते साधन लॉक पाळत नाही असं समज आणि काम एकाच टेबलावर ठेव.

४. बत्तीस बिटांचं भांडण जागेवरून असतं

विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातले प्रोग्राम बहुतेक वेळा नव्या विंडोजवर चालतात. अडतात ते परवानगीवर. त्या काळी प्रोग्राम आपला डेटा आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहीत. व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा राहिली नाही. प्रोग्राम कोसळू नये म्हणून विंडोज त्याला न सांगता ते लिखाण वळवतं आणि त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये ठेवतं.

यातून काय होतं ते नीट समजून घे. सकाळची कारकून आपल्या नावानं लॉगिन करते, दुपारचा कारकून आपल्या. मशीन एक, प्रोग्राम एक, पण दोघांना हिशेब वेगळा दिसतो. बॅकअप घेणारा प्रोग्राम फाइल्समधली जुनी फाइल उचलतो आणि त्यात गेल्या कित्येक महिन्यांची नोंदच नसते. म्हणून असा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये बसवायचाच नाही. सी ड्राइव्हवर त्याचा वेगळा फोल्डर कर आणि त्याच फोल्डरला लिहिण्याची परवानगी दे. कुणी आधीच बसवून ठेवला असेल, तर काही हलवण्यापूर्वी प्रत्येक वापरकर्त्याचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघ. खरा डेटा तिथेच निघतो.

सेटअप चालत नसेल तर गोंधळू नकोस. बत्तीस बिटांच्या कित्येक प्रोग्रामांचा सेटअप मात्र सोळा बिटांचा असे. इन्स्टॉलशील्डच्या काही जुन्या आवृत्त्या विंडोज ओळखतं आणि त्यांच्या जागी स्वतःकडचा बत्तीस बिटी भाग वापरतं. तसं झालं नाही, तर जुन्या मशीनवर बसवलेला फोल्डरच उचलून आण. व्हिज्युअल बेसिक ६ चं मूळ रनटाइम विंडोज १० आणि ११ मध्ये आहेच. कमी पडतात त्या ओसीएक्स फायली. त्या सिसवॉव६४ फोल्डरमध्ये ठेवून तिथल्याच रेगएसव्हीआर३२ नं नोंदव. त्या फोल्डरच्या नावातल्या चौसष्टला फसू नकोस, बत्तीस बिटांच्या फायली तिथेच असतात.

आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत एक्सपी किंवा ९८ निवडता येतं. एकावेळी एकच खूण कर, तपास, मगच दुसरी. सगळ्या खुणा एकदम केल्यास तर कशानं चाललं हे कळत नाही. नव्या पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसत असेल, तर हाय डीपीआयची सेटिंगही तिथेच आहे. "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" ही खूण मात्र कायमची ठेवायची नाही. तिची गरज पडते म्हणजे फोल्डरची परवानगी चुकली आहे, ती सुधार.

डेटा ॲक्सेस ९७ चा असेल तर आणखी एक अडचण येते. ॲक्सेस २०१३ पासून ती फाइल उघडत नाही. ॲक्सेस २०१० असलेली मशीन शोध, तिथे फाइल नव्या रूपात बदल आणि मग पुढे आण.

५. सगळं थकलं की मशीनच आत घे

हे करूनही चाललं नाही, तर व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये एक्सपी बसवता येतं, काही वेळा जुन्या डिस्कच्या इमेजवरून जुनी मशीन जशीच्या तशी उभी करता येते. विंडोजचं लायसन्स त्या संस्थेचंच असलं पाहिजे. जुन्या कॅबिनेटवर चिकटवलेलं स्टिकर म्हणून फेकायचं नाही, त्याचा फोटो काढून ठेवायचा.

मशीन नीट चालली, की तिचा स्नॅपशॉट घे. पण स्नॅपशॉटला बॅकअप समजू नकोस, कारण तो त्याच डिस्कवर असतो. मशीन बंद करून तिचा सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उचल. वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट बजावून सांग. खिडकी नुसती बंद करायची नाही, आतलं विंडोज रीतसर शटडाउन करायचं. आणि स्नॅपशॉटवर परत गेलं तर त्यानंतरच्या सगळ्या नोंदीही जातात. म्हणून चालू डेटाची वेगळी नक्कल रोज संध्याकाळी बाहेर यायला हवी.

६. जुन्याला इंटरनेट दाखवू नको

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. आतल्या जुन्या मशीनचं नेटवर्क बंद ठेव. फायलींची देवाणघेवाण सामायिक फोल्डरमधून कर.

तुला कुणीतरी सांगेल, की खरी जुनी एक्सपी मशीन नव्या मशीनला दिसत नसेल तर एसएमबी १ ही फायली शेअर करण्याची जुनी रीत चालू करा, लगेच दिसेल. दिसेलही. पण विंडोजनं २०१७ च्या अखेरीपासून नव्या मशीनवर ते मुळातच बंद ठेवलं, त्याला कारण आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस जगभरातल्या मशीनवर पसरला तो एसएमबी १ मधल्याच भगदाडातून. सभासदांच्या ठेवींच्या नोंदी असलेल्या जागी ते दार उघडायचं नाही. गरज पडली तर तपासलेल्या पेनड्राइव्हनं फाइल ने-आण कर.

७. छपाई पहिल्याच दिवशी तपास

पडद्यावर प्रोग्राम उघडला, की सगळे खूश होतात आणि महिनाअखेरीला पावती निघत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कागद काढून बघ. डॉसचा प्रोग्राम एलपीटी १ कडे नुसती अक्षरं धाडतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ती कळतात. आजच्या बऱ्याच स्वस्त लेझर प्रिंटरना कळत नाहीत, त्यांना विंडोजनं तयार केलेलं चित्र लागतं.

कार्बन प्रतीच्या पावत्या आणि पासबुक लागत असतील, तर डॉट मॅट्रिक्स काढायला सांगू नकोस. ते यूएसबीनं जोड, "जेनेरिक टेक्स्ट ओन्ली" हा ड्रायव्हर दे, शेअर कर आणि नेट यूज या आज्ञेनं एलपीटी १ त्याच्याकडे वळव. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स वापरत असशील, तर त्यांच्या सेटिंगमध्येच प्रिंटर नेमता येतो.

लेझरवर काढायचं असेल तर आधी फाइलमध्ये छाप आणि ती फाइल उघडून बघ. कुठेकुठे विचित्र खुणा दिसतील. एप्सनच्या रीतीत १५ हा क्रमांक अक्षर बारीक करतो आणि १८ पुन्हा पूर्ववत करतो. १३२ रकान्यांची खतावणी लहान कागदावर बसते ती त्यामुळे. लेझरला हे क्रमांक कळत नाहीत, म्हणून ते काढून कुरिअर न्यू किंवा कन्सोलाससारखा समान रुंदीचा फॉन्ट घ्यायचा आणि कागद आडवा करायचा. रकाने चौकटीत राहिले आणि शेवटची बेरीज कापली गेली नाही, तरच छपाई जमली.

८. तारखेवर डोळे झाकून विश्वास नको

जुन्या मशीनमधला बटणासारखा सेल संपलेला असला, की ती चालू करताच तारीख मागे जाते. नोंद करण्याआधी तारीख बघ. नव्या मशीनवर धोका वेगळा आहे. विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकी असेल तर ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हे प्रोग्राम स्वतःच ठरवतो. १३ तारखेपासून पुढे चूक लगेच दिसते, कारण तेरावा महिना नसतो. १२ पर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप उलटतात आणि व्याज चुकतं. म्हणून तपासायला कधीही महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली तारीख घे. वर्षाचे दोनच आकडे दिसत असतील, तर १९३० सालचा जन्म आणि २०३० सालची मुदत, दोन्ही घालून बघ. फॉक्सप्रोत सेट सेंच्युरी ऑन केलं की चारही आकडे दिसतात.

आणि मार्चमध्ये बदल करायचा नाही. ३१ मार्चची अखेर होऊन लेखापरीक्षण उरकलं, की मगच हात घाल.

९. मराठी मजकूर फॉन्टसकट जप

हे आपल्या भाषेचं काम आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. युनिकोड रुळण्याआधी देवनागरीचे फॉन्ट बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मनानं रोमन अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवत असे. काना एका क्रमांकावर, अर्धा त दुसऱ्या, रफार तिसऱ्या. एका कंपनीचा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसती चिन्हं दिसतात. मजकूर गेलेला नसतो, त्याची किल्ली गेलेली असते. म्हणून पेजमेकरच्या प्रत्येक फायलीबरोबर तिच्यात वापरलेले सगळे फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये ठेव. पेजमेकर फॉन्ट फायलीत भरत नाही.

विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठी भाषा विचारतात. तिथे इंग्रजीच राहू दे आणि खालच्या यूटीएफ-८ च्या चौकटीत खूण करू नकोस. ती खूण केली की १२७ च्या पुढच्या क्रमांकांचा अर्थ बदलतो आणि आपली जोडाक्षरं नेमकी त्याच भागात असतात.

पेजमेकर ६.५ आणि ७ बत्तीस बिटांचे आहेत, त्यामुळे नव्या विंडोजवर बहुधा उभे राहतात. पण त्यावर विसंबून राहू नकोस. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ पासूनच्या फायली उघडत, पुढे सीसीपासून ती सोय गेली. अडोबीनं जानेवारी २०२३ पासून जुन्या टाइप १ फॉन्टचाही आधार काढला. म्हणून प्रत्येक अंकाची फॉन्टसकट पीडीएफ आजच काढून ठेव. त्यानं पान जसं होतं तसं दिसेल. पण त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही, कारण आत अजून तेच क्रमांक आहेत. मजकूर वेगळा काढून युनिकोडमध्ये आणायलाच हवा.

रूपांतर करताना चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून "निर्मिती", "वार्षिक", "सर्वांनी", "मूर्ती" हे शब्द नीट आले का ते बघ. त्यानंतर "दुसऱ्या", "तऱ्हा", "वाऱ्यावर" तपास. हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकाला हा "ऱ्य" नीट न जमण्याची शक्यता असते आणि मग "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं. ॲ, ऑ आणि ळ सुद्धा तपास. एवढे शब्द बरोबर निघाले, तर बाकीचा मजकूर बराचसा बरोबर निघतो.

डॉसच्या काळातला मराठी डेटा असेल, तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड तेव्हा मशीनच्या आत बसवलेलं असे. ते कार्ड कुठल्याही डॉसबॉक्सला देता येत नाही, त्यामुळे पडद्यावर देवनागरी दिसणार नाही. पण निराश होऊ नकोस. तो मजकूर बहुधा इस्कीमध्ये असतो, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही आधीच्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे फॉन्टच्या मजकुरापेक्षा हा मजकूर जास्त सरळपणे युनिकोडमध्ये येतो.

१०. डोंगलची हयगय नको

मशीनच्या मागच्या प्रिंटर पोर्टला लावायचं डोंगल, म्हणजे प्रोग्रामाच्या लायसन्सची किल्ली, असेल, तर यूएसबीची प्रिंटर केबल घेऊन ते चालत नाही. ती केबल फक्त प्रिंटर ओळखते. शिवाय चौसष्ट बिटांच्या विंडोजला जुना बत्तीस बिटी ड्रायव्हर चालत नाही. पहिला फोन बनवणाऱ्या कंपनीला कर. बिल आणि डोंगल दाखवलं, की नवं लायसन्स मिळू शकतं. यूएसबी डोंगल असेल तर ते व्हर्च्युअल मशीनला देता येतं. पोर्टचं डोंगल असेल आणि कंपनी बंद पडली असेल, तर खरा पोर्ट असलेली जुनी मशीन सांभाळून ठेव आणि तिच्यावरून डेटा बाहेर काढायला आधी लाग. कुठून तरी आणलेली तोडलेली प्रत बसवायची नाही. तिच्याबरोबर काय येतं हे कुणालाच ठाऊक नसतं आणि मशीनवर लोकांचे पैशाचे हिशेब आहेत.

११. तेरीज जुळली तरच चाललं म्हण

प्रोग्राम उघडला म्हणजे चालला असं नाही. जुन्या मशीनवर किंवा जुन्या कागदावर असलेली एखाद्या वर्षाची तेरीज घे आणि तेच वर्ष नव्या जागी काढ. पैशापर्यंत जुळली पाहिजे. मग एक किर्द, एक खतावणी आणि वेगवेगळ्या प्रकारची चार खाती: बंद झालेलं, थकलेलं, मुदत संपलेलं आणि चालू. त्यांचं व्याज हातानं काढून पडताळ.

डेटा एक्सेलमध्ये किंवा लिबर ऑफिसमध्ये उघडायचा तर नकलेवरच. डीबीएफ त्यातून पुन्हा सेव्ह करू नकोस, रकान्यांची रचना बदलू शकते. आणखी एक. फॉक्सप्रोत पुसलेली नोंद लगेच जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. पॅक दिल्यावर ती जाते. दुसऱ्या साधनानं काढलेल्या यादीत अशा नोंदी परत जिवंत होऊ शकतात. म्हणून नोंदींची संख्या आधी आणि नंतर लिहून ठेव. जे हिशेबनीस त्या प्रोग्रामावर वर्षानुवर्षं बसले, त्यांना शेजारी बसवून घे आणि आदरानं विचार. कुठल्या खात्यात कोणती खूण कशासाठी केली, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं, त्यांना ते तोंडपाठ असतं.

१२. निघायची तारीख ठरव

हे सगळं करून जुना प्रोग्राम उभा राहिला, की मालक म्हणतात, चला, अजून दहा वर्षं झाली. तेव्हा गोड शब्दांत, पण स्पष्ट सांग, की ही सोय नोंदी बाहेर काढण्यापुरती आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची आणि तिचा आधार २०१५ च्या जानेवारीत संपला. आज चालतंय ते पुढच्या विंडोजवर चालेलच याची हमी कुणी देत नाही. नवीन नोंदी कुठल्या दिवसापासून नव्या प्रोग्रामात होणार, ते लेखी ठरवून घे. १ एप्रिल हा त्यासाठी चांगला दिवस. जुन्या वर्षाचं लेखापरीक्षण उरकलं, की जुना प्रोग्राम फक्त बघण्यासाठी, लिहिण्यासाठी नाही.

मधल्या काळात दरवर्षीची तेरीज, खतावणी आणि ताळेबंद पीडीएफमध्ये, आणि सगळे तक्ते साध्या सीएसव्हीमध्ये युनिकोड करून काढ. कंपनी असेल तर २०१३ चा कायदा हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं ठेवायला सांगतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर पुष्कळांनी व्हॅटचा जुना प्रोग्राम बंद केला आणि त्या वर्षांच्या नोंदी त्यातच अडकून राहिल्या. तुझ्याकडे आलेल्या कुणाचं तसं होऊ देऊ नकोस.

आणि प्रत्येक ठिकाणी एक वही ठेव. प्रोग्राम कुठला, आवृत्ती कोणती, कुठल्या फोल्डरमध्ये, कोणत्या साधनानं चालतो, प्रिंटर कसा वळवला, बॅकअप कुठे जातो, फॉन्ट कुठे आहेत, सगळं मराठीत, पायरीपायरीनं. मग त्या संस्थेतल्या कुणाला तरी वही वाचून, तुझ्याशिवाय, प्रोग्राम चालू करून एक खतावणी छापायला सांग. तू मागे उभी राहा आणि बोलू नकोस. जिथे अडतील तिथे वहीत भर घाल. त्यांना छापता आली, की त्यांच्या नोंदी तुझ्या किंवा माझ्या आठवणीवर अवलंबून राहिल्या नाहीत. काम पूर्ण झालं असं तेव्हाच म्हण आणि बिल तेव्हाच दे.